व्हॉल्व्ह आवळला म्हणजे पंपाला आराम मिळत नाही

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या एका सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्ग म्हटला की बोनस, पेन्शन, रिक्त जागा हे विषय येतात. ते दुपारच्या सत्रात आहेत. मला दिलेला वेळ मी पाण्याच्या पंपासाठी वापरणार आहे. युनियनच्या सचिवाने पंपावर काय बोलायचे, असे काहींच्या मनात येईल. मी मॅट्रिक झालेला माणूस, इंजिनिअर नाही. पण पंप मोडला म्हणून पंपवाल्याला किंवा फिटरला एस.एफ. ११ मिळाल्याची प्रकरणे माझ्याकडे वारंवार आली. त्यांची उत्तरे लिहायची तर पंप समजून घेणे भाग पडले. जाणकार इंजिनिअर मित्रांना गाठले, त्यांनी समजावले, त्यातले जे डोक्यात राहिले ते आज सांगतो. आमच्याकडे जसा एस.एफ. ११, तसा टपाल खात्यात नियम १६. नुकसान पगारातून वसूल करण्याची तरतूद दोन्हीकडे आहे, आणि 'कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स' हा शब्द तर टपाल बंधूंना पाठच आहे. टाकीवर पाणी चढवणारा पंप तुमच्या वसाहतीतही असतो. तेव्हा हा विषय परका समजू नका.

एका जंक्शनची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. तिथल्या पंपाच्या पाटीवर लिहिले होते: तासाला १२० हजार लिटर, ३० मीटर उंची, मिनिटाला १४५० फेरे. गरज होती तासाला जेमतेम ३५ हजार लिटरची. एवढा मोठा पंप आला कुठून? वाफेची इंजिने होती तेव्हा स्टेशनावर पाणी नदीसारखे लागे. ब्रॉडगेजवर वाफेची इंजिने १९९५ मध्ये संपली. पुढे जुना पंप बदलायची वेळ आली तेव्हा नव्या मागणीपत्रात जुन्या पाटीचाच आकडा उतरवला गेला. असे पुष्कळ ठिकाणी होते. एक जण दहा टक्के जास्त धरतो, वरचा अजून थोडे वाढवतो, आणि बाजारात मिळतो तो त्याच्याही पुढचा नंबर.

पंप बसला, टाकी भरून वाहू लागली, तक्रारी आल्या. तेव्हा साहेबांनी तोंडी हुकूम दिला की डिलिव्हरीचा स्लूस व्हॉल्व्ह चार फेऱ्यांपेक्षा जास्त उघडायचा नाही. अमीटरचा काटाही खाली आला. सगळे खूष. पाणी बेताचे, वीज कमी, पंपावरचा बोजा कमी. पुढच्या दोन वर्षांत तीन वेळा बेअरिंग गेले आणि दोन वेळा शाफ्ट तुटला. दोन पंपवाल्यांना आरोपपत्र मिळाले: देखभालीत कसूर, कर्तव्यात निष्काळजीपणा.

आता यात चुकीचे काय होते ते पाहू. अमीटर खोटे बोलत नव्हता, मोटरवरचा बोजा खरोखरच कमी झाला होता. पण मोटरवरचा बोजा म्हणजे शाफ्टवरचा बोजा नव्हे. दोन्ही एकच समजले गेले आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

सेंट्रिफ्युगल पंपात इम्पेलर पाण्याला गोल फिरवून बाहेर फेकतो. बाहेर गोगलगाईच्या शंखासारखे केसिंग असते. जिभेपासून सुरू होऊन ते हळूहळू रुंद होत जाते, कारण पुढे पुढे जमा होणारे पाणी वाढत जाते. किती रुंद करायचे, हे कारखान्यात एका ठरावीक पाण्यासाठी काढलेले असते. तेवढे पाणी वाहत असेल तर शंखात सगळीकडे पाण्याचा वेग सारखा, दाब सारखा, आणि इम्पेलर चारही बाजूंनी सारखा दाबलेला म्हणून मधोमध. पाणी पाव केले की तोच शंख त्या पाण्याला फार ढगळ होतो. पुढे जाताना पाणी मंदावते, मंदावले की दाब वाढतो. एका बाजूला दाब कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. इम्पेलर एका बाजूला ढकलला जातो, आणि तो शाफ्टच्या टोकाला असल्यामुळे शाफ्ट वाकतो.

हा धक्का किती असतो? स्टेपानॉफ नावाच्या पंपतज्ज्ञाने दिलेला एक ढोबळ हिशेब आहे, तो आपल्याला करता येतो. त्या पंपाचा इम्पेलर ३३ सेंटिमीटर व्यासाचा, कडेला ३ सेंटिमीटर रुंद. गुणाकार ९९ चौरस सेंटिमीटर. व्हॉल्व्ह बंद असताना पंपाचा दाब ३५ मीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. ९९ ला साडेतीनने गुणा, सुमारे ३४६ किलो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असेल तर त्याचा ०.३६ हिस्सा, म्हणजे सुमारे १२५ किलोचा आडवा धक्का. पाटीवरच्या पाण्याला तो जवळजवळ शून्य होतो. अर्ध्या पाण्याला तो ९० किलोच्या वर असतो. आपल्या ३५ हजार लिटरला सुमारे ११४ किलो. म्हणजे चार फेऱ्यांच्या त्या हुकुमाने फिरत्या शाफ्टच्या टोकाला क्विंटलभराचे पोते बांधून ठेवले होते, आणि ते पोते अमीटरवर दिसत नाही.

शाफ्ट जाडजूड असतो, क्विंटलभर वजनाने एकदम तुटत नाही. पण धक्क्याची दिशा एकच आणि शाफ्ट फिरता. त्यामुळे शाफ्टची प्रत्येक कड अर्ध्या फेऱ्यात ताणली जाते आणि अर्ध्या फेऱ्यात दाबली जाते. तार इकडे तिकडे वाकवून आपण तोडतो, तसेच. मिनिटाला १४५० म्हणजे तासाला ८७,०००, दिवसाला जवळजवळ २१ लाख वेळा. रेल्वेवाल्यांना हे नवीन नाही. आगगाडीचे ॲक्सल बेताच्या वजनाखाली का तुटतात, याचा छडा जर्मनीत ऑगस्ट वोलर या रेल्वेतल्याच इंजिनिअराने १८५० ते १८७० च्या दरम्यान लावला, आणि धातू असा थकतो हे जगाला त्यातून नीट कळले. आपल्या वर्कशॉपात ॲक्सलची अल्ट्रासॉनिक तपासणी होते ती याच कारणाने. पंपाचा शाफ्ट कोणी तपासत नाही.

शाफ्ट वाकला की पुढचे दुखणे ग्लँडचे. एका बाजूने पॅकिंग दाबले जाते, दुसऱ्या बाजूने फट पडते आणि पाण्याची धार लागते. वरून हुकूम येतो, ग्लँड आवळ. आवळले की स्लीव्ह तापते, तिच्यावर चरे पडतात, गळती वाढते, मग आणखी आवळायचे. तो पंपवाला चार महिन्यांत तीनदा पॅकिंग बदलत होता. आरोपपत्रात हेच त्याच्याविरुद्ध लिहिले होते, की वारंवार पॅकिंग बदलावे लागले यावरून कामाचा दर्जा दिसून येतो!

ही झाली शाफ्टची बाजू. इम्पेलरच्या पोटात पाण्याचे काय होते ते आता ऐका. गर्दीच्या वेळी फूटओव्हर ब्रिज डोळ्यासमोर आणा. पुढे वाट मोकळी असली की माणसे मुकाट्याने एका दिशेने चालतात. पलीकडचे फाटक अर्धे लावा. पुढची माणसे अडतात, काही मागे वळतात, मागून येणाऱ्यांशी धडकतात आणि कठड्याशी घोळके गोल फिरू लागतात. इम्पेलरमध्ये हेच होते. पात्यांचा कोन ठरावीक वेगाने आत येणाऱ्या पाण्यासाठी घासलेला असतो. पाणी हळू आले की ते पात्याला चुकीच्या कोनात भिडते, पात्याला सोडून देते, आणि काही पाणी इम्पेलरच्या तोंडातून उलटे सक्शन पाइपाकडे फिरते. बाहेरच्या कडेलाही केसिंगमधले पाणी परत इम्पेलरमध्ये घुसते. या उलट्या फिरण्यावर अमेरिकेतील इंजिनिअर वॉरन फ्रेझर यांनी १९८१ मध्ये निबंध लिहिले. आता इंजिनिअरांच्या अभ्यासात हा विषय असतो.

हे भोवरे स्थिर नसतात. बनतात, फुटतात, पुन्हा बनतात. प्रेशर गेजचा काटा नाचतो, पाइप हादरतो, इम्पेलर मागेपुढे ढकलला जाऊन थ्रस्ट बेअरिंग मार खाते. भोवऱ्याच्या मध्यभागी दाब इतका उतरतो की गार पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे धरतात, आणि ते पात्यावर फुटले की धातूचे कण उडतात. पंपात कोणी खडी टाकली आहे असा आवाज येतो. सक्शनला पाणी कमी पडले तरी असाच खडीचा आवाज येतो, म्हणून पहिला संशय फूट व्हॉल्व्हवर आणि तो साफ न करणाऱ्या खलाशावर जातो.

दोन्हीतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. जबाबदार सुपरवायझर समोर असताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा उघडा. आवाज कमी झाला तर दोष कमी पाण्याचा, म्हणजे आवळलेल्या व्हॉल्व्हचा. आवाज वाढला तर सक्शनची बाजू तपासा. पंप खोलल्यावर दुसरी खूण मिळते. सक्शनला पाणी कमी पडले असेल तर पात्याच्या तोंडाशी, इम्पेलरच्या डोळ्यातून पाहताना सहज दिसते त्या बाजूला खड्डे असतात. पाणी उलटे फिरत असेल तर खड्डे पात्याच्या मागच्या, लपलेल्या बाजूला असतात. तिथे आरसा धरावा लागतो. चौकशी करणाऱ्यांपैकी कोणी आरसा धरलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता उष्णतेचा मुद्दा. आमचे प्रकरण त्यावरच अडले होते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून पंप चालवला तर मोटरची ताकद जाते कुठे? पाणी तापवण्यात. आपल्या त्या पंपाला बंद व्हॉल्व्हवर सहा किलोवॅट लागत असतील आणि पोटात पंधरा लिटर पाणी असेल असे धरा. दीड हजार वॅटच्या चार इमर्शन रॉड एका बादलीत घातल्यासारखे झाले. मिनिटाला साडेपाच अंशांच्या वर पाणी तापते. केसिंगचे लोखंड थोडी उष्णता खाते हे धरूनही पाव तासात हात लावता येत नाही. मग कोणी विचारेल, पंप सुरू करताना व्हॉल्व्ह बंद ठेवा असे आम्हाला का शिकवले? बरोबरच शिकवले. तेव्हा मोटर कमी करंट घेते, उचल सोपी जाते. पण ते मिनिटभरासाठी. तेवढा वेळ शाफ्ट निभावून नेतो.

खात्याचे म्हणणे होते की पंप गार होता. लॉगबुकात तापल्याची नोंद नाही, म्हणजे पुरेसे पाणी वाहत होते, म्हणजे चालवण्यात दोष नव्हता, म्हणून दोष देखभालीचा. यातले पहिले वाक्य खरे होते. तासाला ३५ हजार लिटर पाणी ती उष्णता सहज वाहून नेते, पाणी अर्धा अंशही तापत नाही. पण गार राहण्यापुरते पाणी आणि शाफ्ट शाबूत राहण्यापुरते पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत.

हा फरक मोठमोठ्यांच्याही लक्षात आला नव्हता. अमेरिकेत अणुवीज केंद्रांवर देखरेख करणारे सरकारी मंडळ आहे, न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन. त्यांनी मे १९८८ मध्ये सर्व केंद्रांना एक बुलेटिन पाठवले, क्रमांक ८८-०४. त्यात म्हटले होते की पंपातून कमीत कमी किती पाणी वाहू द्यायचे याचे हिशेब फक्त तापमानावर केले गेले, पाण्याच्या अस्थिरतेचा विचार झाला नाही. पूर्वी पाच ते पंधरा टक्के पुरेसे धरत, पण बराच वेळ चालवायचा तर उत्पादक पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त सांगू लागले होते. प्रत्येक केंद्राने आपापले पंप तपासून उत्तर द्यावे, असा हुकूम होता. म्हणजे जिथे पंप अडला तर अणुभट्टीला धोका, तिथेसुद्धा मूळ हिशेब करणाऱ्यांना १९८८ मध्ये हिशेब पुन्हा करायला लावला. आमच्या जंक्शनवर हिशेब मागितला गेला तो पंपवाल्याकडे.

त्याच बुलेटिनमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपल्याकडे नेहमी घडते. एका हेडरवर दोन पंप जोडलेले असतात. एक नवा, एक झिजलेला. दोन्ही मिळून भरपूर पाणी देत असतील तोवर ठीक. डब्यांना पाणी भरण्याच्या हायड्रंटवर हे पाहा. गाडी फलाटाला लागली की सगळे होज एकदम उघडतात, जुन्या आयसीएफ डब्यात सुमारे १८०० लिटर पाणी बसते, दोन्ही पंप जोरात. गाडी सुटली, होज बंद, पाण्याची मागणी उतरली. आता नव्या पंपाचा दाब जुन्यापेक्षा दोन-तीन मीटर जरी जास्त असला तरी जुन्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिटतो. जुना पंप फिरतो आहे, मोटर गुणगुणते आहे, रजिस्टरात 'दोन्ही पंप चालू', आणि जुन्यातून थेंबभर पाणी जात नाही. तो स्वतःचेच पाणी उकळत बसतो. गाडी गेल्यावर एक पंप बंद करायचा नियम लिहून घ्या, आणि तो करायला माणूसही मागून घ्या. एकाच पंपवाल्याकडे दोन पंपघरे असतील तर हा नियम कागदावर राहतो.

पुरावा कसा ठेवायचा ते आता सांगतो. शाफ्ट तुटला की तुकडे भंगारात जाऊ देऊ नका. तुटलेला चेहरा पाहा. थकून तुटलेल्या धातूवर शिंपल्यासारख्या गुळगुळीत रेषा असतात आणि शेवटी तुटलेला थोडासाच भाग खरबरीत असतो. तुटलेल्या रुळावर आपल्या गँगमनने हे कितीदा पाहिले असेल. अशा रेषा असतील तर तडा आदल्या रात्रीच्या ड्यूटीत पडला नाही, बऱ्याच दिवसांपासून वाढत होता. मग वेअर रिंगा पाहा. केसिंगमधली स्थिर रिंग एकाच बाजूला झिजली असेल आणि इम्पेलरवरची फिरती रिंग सगळीकडून सारखी झिजली असेल, तर धक्का एकाच दिशेने येत होता. कमी पाण्याच्या धक्क्याची खूण अशीच असते. मात्र पाइपाच्या ओढीने किंवा चुकलेल्या अलाइनमेंटनेही असे होऊ शकते, म्हणून अलाइनमेंटची नोंद हाताशी ठेवा. इम्पेलरचे वजन असंतुलित असेल तर उलटे होते, फिरती रिंग एका जागी झिजते आणि स्थिर रिंग सगळीकडून.

आमच्या प्रकरणात तुकडे मिळाले, रिंगा मिळाल्या, आणि पाटीवरच्या आकड्याशी टाकीच्या मापाची तुलना करून रोजचे पाणी काढता आले. मिळाला नाही तो चार फेऱ्यांचा हुकूम, कारण तो तोंडी होता. एका पंपवाल्याची रोखलेली वेतनवाढ अपिलात परत मिळाली. दुसरा तोवर निवृत्त झाला होता, त्याच्या पगारातून कापलेले पैसे अजून आलेले नाहीत. पाठपुरावा चालू आहे.

म्हणून यापुढे व्हॉल्व्ह आवळायचा हुकूम आला की लॉगबुकात लिहा: कोणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, किती फेरे, गेज किती, अमीटर किती. सुपरवायझरला राग आला तर येऊ द्या. तोही बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो, आणि उद्या त्याच्यावर आले तर हीच नोंद त्याच्याही उपयोगी पडते.

उपाय मागताना काय मागायचे हेही ठाऊक पाहिजे. पंप फारच मोठा असेल तर इम्पेलर लेथवर थोडा कमी करता येतो, खर्च किरकोळ. पण किती करायचा हे उत्पादकाला विचारून, वर्कशॉपात अंदाजाने नाही. रात्रीसाठी वेगळा लहान पंप बसवणे सगळ्यात चांगले. ते होत नसेल तर डिलिव्हरीतून बायपास लाइन काढून जास्तीचे पाणी परत हौदात सोडावे, मात्र सक्शनच्या तोंडापासून लांब. वीज थोडी वाया जाते, पंप टिकतो. आणि टाकी मोठी असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पंप पूर्ण उघडा चालवायचा, टाकी भरली की बंद करायचा.

हल्ली वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवतात. वस्तू चांगली आहे, पण ती बसवली की सुटलो, असे नाही. वेग ८० टक्के केला की दाब ६४ टक्के होतो. आपला ३५ मीटरचा पंप २२ मीटरवर येतो. टाकी २५ मीटर उंच असेल तर पाणी चढतच नाही. वेग कमी, आवाज कमी, अमीटर खाली, आणि पंप पुन्हा बंद व्हॉल्व्हवर चालल्यासारखा. म्हणून ड्राइव्ह बसवणाऱ्याकडून किमान वेगाचा आकडा लेखी घ्या आणि पंपघरात भिंतीवर लावा.

माझा वेळ संपत आला आहे, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. त्या प्रकरणातला इम्पेलर आणि दोन्ही वेअर रिंगा मी सोबत आणल्या आहेत, त्या डावीकडच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहाच्या सुटीत पुढे या. शेजारी छोटा आरसा आणि टॉर्च आहे. पात्याच्या मागच्या बाजूला आधी बोट फिरवा, मग आरशात पाहा. कडा धारदार झाल्या आहेत, बोट जपून.